टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचंय? मग आधी किल्ली कुणाकडे आहे ते बघा

आमच्या सासूबाईंचं भजनी मंडळ दोनेक वर्षांपूर्वी टीव्हीवर आलं होतं. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात यांच्या वाट्याला मोजून सहा मिनिटं, आणि त्यातही आई (मी त्यांना आईच म्हणते) पखवाजवाल्याच्या मागे अर्ध्या झाकलेल्या, पण तरी घरात काय तो उत्साह! नवऱ्याने सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावला, रिमोटवरचं लाल टिकलीचं बटण दाबलं, रेकॉर्ड झालं, आम्ही चार-पाच वेळा बघितलं सुद्धा. मग बॉक्स बिघडला, फिटिंगवाला पोरगा आला, जुना काढून घेऊन गेला, नवीन बसवला, आम्हाला काहीच वाटलं नाही कारण पेन ड्राइव्ह तर कपाटात होता ना.

दिवाळीला नणंदा आल्या, सगळे सोफ्यावर बसले, पेन ड्राइव्ह लावला आणि नवीन बॉक्स विचारतो, फॉरमॅट करू का? नवऱ्याचं बोट ओकेवर जाणारच होतं, मी ओरडले म्हणून वाचलो. लॅपटॉपला लावून पाहिला तर आत कसल्या कसल्या नावाच्या फायली, एकही उघडेना. कस्टमर केअरवाली फार गोड बोलली, म्हणाली, मॅडम ते रेकॉर्डिंग फक्त त्याच बॉक्सवर चालतं. तो बॉक्स कुठेय? ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे हात धुऊन लागले. आता नातेवाइकांत कुणाला रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्यायचा असला की मला फोन येतो, आणि सगळे पहिलं हेच विचारतात की किती जीबीचा घेऊ. जीबी राहू दे हो बाजूला! पहिला प्रश्न हा की बघून पुसून टाकायचंय का जपून ठेवायचंय? आणि दुसरा, घरात सिग्नल कुठून येतो, केबल, पैसे भरायची छत्री, का फुकटची छत्री? ही दोन उत्तरं मिळाली की अर्धी दुकानदारी आपोआप गळून पडते.

थोडं मागे जाऊया, म्हणजे गोम कुठेय ते कळेल. व्हीसीआरचा जमाना आठवतो ना, सोनीची बीटामॅक्स १९७५ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ची, आपल्याकडे खरी चलती ऐंशीच्या दशकात झाली. तीन तासांची कॅसेट, पुठ्ठ्याच्या खोक्यावर निळ्या पेनने लिहिलेलं नाव, आणि एकावर एक इतक्या वेळा रेकॉर्ड केलेलं की चित्रात मुंग्या यायच्या. पण एक होतं, तुम्ही भरलेली कॅसेट शेजारच्यांच्या व्हीसीआरवर बिनबोभाट चालायची, कारण हवेतून येणारं दूरदर्शन उघडं होतं, अँटेना लावा नि घ्या. अडायचं ते फक्त अमेरिकेहून कुणी कॅसेट पाठवली की, टीव्हीच्या चित्राची पद्धत तिकडे ५२५ रेषांची एनटीएससी आणि इकडे ६२५ रेषांची पाल, मग काकांच्या घराच्या वास्तुशांतीत काळं-पांढरं थरथरत काहीतरी दिसायचं आणि आजी म्हणायची, केवढा बाई हा पाऊस.

(हाच घोळ आजही आहे बरं का. अमेरिकेतल्या भाच्याने हौसेने तिकडचा अँटेनावाला रेकॉर्डर आणला तर तो इथे निव्वळ पेपरवेट आहे. त्यांच्या हवेतल्या प्रसारणाची पद्धत एटीएससी, आपली डीव्हीबी, दोघांची भाषाच वेगळी. घड्याळ आण म्हणावं, रेकॉर्डर नको.)

मग आलं डिजिटल. केबल टीव्हीला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर आणि पुणे-नागपूर-नाशिककडे २०१३च्या मार्चअखेरची मुदत होती, आठवत असेल, केबलवाला दारोदार बॉक्स वाटत फिरत होता. त्याआधी केबलची वायर थेट टीव्हीत खुपसली की चॅनेल दिसायचे आणि व्हीसीआरमध्ये खुपसली की रेकॉर्ड व्हायचे. त्यानंतर वायरीतून येणाऱ्या चित्राला कुलूप लागलं. म्हणजे कंपनी चित्र सोडते तेच विस्कटून, आणि ते परत जुळवायची किल्ली तुमच्या बॉक्समध्ये असते, कार्डात किंवा आतल्या चिपमध्ये. ही किल्ली एकदा दिली आणि संपलं असंही नसतं, आतले आकडे दर काही सेकंदांनी बदलत राहतात, बॉक्सला ते समजतात, बाकी कुणाला नाही. तुम्ही रिचार्ज केला नाही की कंपनी किल्ली बंद करते आणि पडद्यावर ती पाटी येते.

आता असा बॉक्स रेकॉर्डिंग करतो तेव्हा ते मोकळं करून पेन ड्राइव्हवर ठेवत नाही, कुलपासकटच ठेवतो, किंवा स्वतःचं नवीन कुलूप घालून ठेवतो. किल्ली त्या एकाच बॉक्सच्या पोटात. म्हणून पेन ड्राइव्ह तुमचा असला तरी आतला माल तुमच्या हातात नाही. बऱ्याच ठिकाणी तर रिचार्ज संपला की जुनं रेकॉर्डिंगही दिसत नाही, आणि बॉक्ससुद्धा पुष्कळदा कंपनीच्याच मालकीचा असतो, आपण नुसते सांभाळायला. हे काही लपवून ठेवलेलं नसतं म्हणा, छापील कागदावर बारीक अक्षरात असतं, पण तो कागद थर्माकोलबरोबर भंगारवाल्याकडे जातो.

एवढं कळलं की निवड सोपी आहे.

तुम्हाला जर आठची मालिका साडेनऊला जेवण उरकून बघायची असेल, बघितली की पुसायची असेल, तर कुलूपवालं रेकॉर्डिंग अगदी झकास आहे, काहीही बिघडत नाही. डीटीएचवाल्यांचे असे बॉक्स दोन जातींचे. एकात हार्ड डिस्क आतच बसवलेली, आपल्याकडे २००८ साली टाटा स्कायने प्लस नावाने काढला तो असा होता, अमेरिकेत टीवो वगैरे मंडळींनी १९९९मध्येच ही कल्पना आणली होती. दुसऱ्या जातीत बॉक्सला नुसतं यूएसबीचं भोक, डिस्क तुम्ही आणायची. आतल्या डिस्कवाला नीटनेटका, चालू कार्यक्रम थांबवायचा, मागे न्यायचा हे सगळं त्यात छान चालतं, पण डिस्क गेली की अख्खा बॉक्स जातो. बाहेरची डिस्क गेली तर नुसती डिस्क बदला. मला विचाराल तर दुसराच बरा. फक्त घेताना एक नक्की विचारा, की रेकॉर्डिंगची सोय चालू करायला वेगळे पैसे पडतात का, कारण भोक दिसलं म्हणजे सोय आहे असं नसतं, काही बॉक्सवर ते नुसतं सॉफ्टवेअर अपडेटसाठी असतं. आणि हे जे नवीन अँड्रॉइडवाले बॉक्स आलेत, किंवा फायबर इंटरनेटबरोबर मिळतात ते, त्यात रेकॉर्डिंग असेलच असं अजिबात धरून चालू नका.

इथे ट्यूनरचं प्रकरण येतं आणि घरातली भांडणं खरी याच्यावरून होतात. ट्यूनर म्हणजे बॉक्सचा कान समजा. एक कान असेल तर एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी ऐकू येते, म्हणजे सासूबाईंची मालिका रेकॉर्डला लावली की सासरेबुवांच्या बातम्या गेल्या. (अगदीच गेल्या नाहीत, एका फ्रिक्वेन्सीवर बरेच चॅनेल एकत्र येतात, त्या घोळक्यातलं दुसरं चॅनेल काही बॉक्सवर बघता येतं, पण तुम्हाला हवं ते नेमकं त्यात नसतंच, हा माझा अनुभव.) दोन कान असलेला बॉक्स घेतला तर एक रेकॉर्ड आणि दुसरं बघणं एकदम होतं, पण त्याला बऱ्याचदा छत्रीवरून दोन वायरी आणाव्या लागतात आणि छत्रीच्या टोकाचा तो सिग्नल पकडणारा एलएनबीही दोन तोंडांचा लागतो. फिटिंगवाला हे आधी सांगत नाही. भिंतीला भोक पाडून झाल्यावर सांगतो.

बरं, आता जीबी. डोकं खायचं काही नाही, चॅनेलवाले सेकंदाला किती डेटा सोडतात त्यावर सगळं आहे. साधं चॅनेल सेकंदाला ३ मेगाबिट धरलं तर तासाचे ३६०० सेकंद, म्हणजे १०,८०० मेगाबिट, भागिले ८, झाले १३५० मेगाबाइट. तासाला जेमतेम १.३५ जीबी. एचडी चॅनेल ८ मेगाबिटने आलं तर तासाला ३.६ जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर (प्रत्यक्षात ५९च्या आसपास जागा मिळते) साधं चॅनेल चाळीसेक तास मावतं आणि एचडी सोळा तास. मालिका बघणाऱ्याला हे भरपूर झालं. कसोटी सामना एचडीत अख्खा ठेवायचा म्हणाल तर दिवसाचे आठ तास, पाच दिवस, १४४ जीबी, तिथे मात्र हार्ड डिस्क हवी. पण खरं सांगू का, रेकॉर्ड केलेला पाच दिवसांचा सामना परत बसून बघणारा माणूस मी अजून पाहिला नाही, आमच्या दिरांनी दोन भरून ठेवलेत, दोन्ही तसेच आहेत.

पेन ड्राइव्ह की हार्ड डिस्क यात सुद्धा एक खोच आहे. रोज तासन् तास लिहायचं आणि पुसायचं काम पेन ड्राइव्हला झेपत नाही, तो तापतो, स्वस्तातला असेल तर मधेच चित्र अडखळतं आणि वर्ष-दीड वर्षात राम म्हणतो. हार्ड डिस्क टिकते पण तिला करंट जास्त लागतो, यूएसबी २च्या भोकातून ५०० मिलिअँपिअर मिळायचे धरलेत आणि फिरत्या डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त हवे असतात, मग ती टिक टिक आवाज करते आणि बॉक्स म्हणतो डिस्क सापडत नाही. माणसाला वाटतं डिस्क खराब आहे, बदलून आणतो, तीही टिक टिक. स्वतःचा अॅडॉप्टर असलेली डिस्क घ्या नाहीतर वेगळा करंट देणारा यूएसबी हब लावा, सुटला प्रश्न.

आणि ते फॉरमॅट! बॉक्सला नवीन डिस्क लावली की तो ती आपल्या पद्धतीने पुसून घेतो. जिच्यात मुलाच्या बारशाचे फोटो आहेत ती डिस्क "थोडी जागा आहे हिच्यात" म्हणून लावायची नाही. रेकॉर्डिंगची डिस्क वेगळी, तिच्यावर चिकटपट्टी लावून ठळक लिहून ठेवा, मी तर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

टीव्हीच्या दुकानात अजून एक गंमत होते. तुम्ही रेकॉर्डिंगचं विचारलंत की सेल्समन टीव्हीची मागची बाजू दाखवतो आणि म्हणतो, हे बघा यूएसबी, टीव्हीतच होतंय की सगळं. होत नाही हो. टीव्ही फक्त त्याच्या स्वतःच्या ट्यूनरवर आलेलं रेकॉर्ड करू शकतो, आणि तेही ती सोय त्या मॉडेलमध्ये चालू ठेवलेली असेल तर. तुमच्या घरी चॅनेल येतात सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआय वायरीने, ते टीव्हीच्या लेखी नुसतं बाहेरून आलेलं चित्र, ते तो दाखवेल, साठवणार नाही. मधे कॅप्चर कार्ड म्हणून एक डबी मिळते, ती लावून लॅपटॉपवर घेऊ म्हणाल तर एचडीएमआयमध्ये एचडीसीपी नावाचं अजून एक कुलूप असतं, काळा पडदा येतो.

राहिला जपून ठेवण्याचा मामला, म्हणजे आमच्या आईंसारखा. इथे मला सगळ्यात जास्त आवडलेलं उत्तर सगळ्यात स्वस्त निघालं, ते म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली ती हीच, महिन्याचं भाडं शून्य, छत्री नि बॉक्स मिळून एकदाच दोनेक हजारांचा खर्च. गावाकडे घरोघरी आहे, शहरातले लोक उगाच नाक मुरडतात. तिच्यावरचे चॅनेल बहुतेक उघडे असतात, कुलूपच नाही. त्यामुळे बाजारात मिळणारा साधा बॉक्स त्यातलं जे रेकॉर्ड करतो ते बहुतेक वेळा टीएस नावाची सरळ फाईल असते, लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये धडाधड चालते, नणंदेला पाठवा, मोबाइलवर टाका, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. दूरदर्शनचं मराठी चॅनेल सह्याद्री तिथे आहेच. बॉक्स घेताना एमपीईजी-४वाला (चित्र दाबून लहान करून पाठवायची ही नवी पद्धत) घ्या, तो जुन्या एमपीईजी-२ पद्धतीचे चॅनेलही दाखवतो, उलटं मात्र होत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदाराला म्हणावं, इथेच पाच मिनिटं रेकॉर्ड करून दाखव आणि माझ्या लॅपटॉपवर लावून दाखव. मी म्हटलं होतं. त्याने आधी विचित्र नजरेने पाहिलं, मग दाखवलं. एका बॉक्सवर झालं, दुसऱ्यावर नाही झालं, दोन्हीच्या खोक्यावर रेकॉर्डिंग लिहिलेलंच होतं. फाईल चार जीबीच्या पुढे गेली की तुकडे पडतात का तेही विचारून घ्या, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर त्याहून मोठी एक फाईल बसत नाही, काही बॉक्स गुपचूप दुसरी फाईल सुरू करतात, काही तिथेच रेकॉर्डिंग थांबवून मोकळे होतात.

पैसे भरायच्या चॅनेलवर तुम्ही किंवा तुमचं पोर आलं आणि ते जपायचंय, तर सरळ उपाय म्हणजे चॅनेलवाल्यांकडूनच कॉपी मागा, कार्यक्रमात भाग घेतलेल्यांना कधी कधी देतात. नाहीतर मोबाइल स्टँडवर लावून पडद्याचंच शूटिंग, खोलीतले दिवे घालवून, पंखा बंद करून. हसू नका, आमच्या सोसायटीत एकाच्या नातवाची मुलाखत अशीच जपलेली आहे, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते एवढंच.

कायद्याचं म्हणाल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमात खाजगी, स्वतःच्या वापरासाठी वाजवी सवलत दिलेली आहे. घरी बघायला ठेवलं ही एक गोष्ट, अख्खी मालिका उचलून यूट्यूबवर चढवणं किंवा पेन ड्राइव्ह भरून विकणं ही साफ वेगळी गोष्ट.

एक प्रश्न तुम्ही मनात विचारत असाल, की एवढा खटाटोप कशाला, अॅपवर सगळं असतं की. असतं, झीवाल्यांचं झी५वर, स्टार प्रवाहचं जिओहॉटस्टारवर, आणि प्रसारभारतीने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी वेव्हज नावाचं अॅप आणलंय त्यात दूरदर्शनचे चॅनेलही दिसतात. नुसती मालिका चुकली म्हणून बॉक्स घ्यायला निघाला असाल तर थांबा, आधी अॅपवर बघा, कदाचित काहीच विकत घ्यायला लागणार नाही. पण गावाकडे नेट अडखळतं, आईंना अॅपमध्ये शोधता येत नाही, रिमोटवरचं लाल बटण मात्र दाबता येतं. शिवाय अॅपवरचं आज आहे ते उद्या काढून टाकलं तर आपण काय करणार.

बारीकसारीक अजून दोन-तीन गोष्टी. टाइमर लावताना वेळापत्रकावर विश्वास ठेवू नका, आपल्याकडे साडेआठची मालिका आठ चौतीसला सुरू होते आणि महाएपिसोड असला तर कधी संपेल ते देवालाही ठाऊक नाही, पाच मिनिटं आधीपासून आणि पंधरा मिनिटं नंतरपर्यंत लावा. बॉक्स मेन स्विचने बंद करायची सवय असेल (आमच्याकडे सासऱ्यांना आहे, रात्री घरभर फिरून सगळी बटणं बंद) तर टाइमर चालणारच नाही, तो स्टँडबायवर राहायला हवा. त्याला वीज लागते पण फार नाही, दहा वॅट धरले तर दिवसरात्र मिळून महिन्याला ७.२ युनिट. आणि लाईट गेली की काही बॉक्स परत आल्यावर राहिलेलं रेकॉर्डिंग पुढे चालू करतात, काही तसेच झोपून राहतात, हे घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी रेकॉर्डिंग चालू असताना प्लग काढून तपासून घ्या, तेवढ्यासाठी लोडशेडिंगची वाट बघू नका.

आईंचं काय झालं ते राहिलंच. यंदा उन्हाळ्यात त्या कार्यक्रमाचं पुनःप्रसारण लागलं, दुपारी तीनला, आईंच्या मैत्रिणीने आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. आम्ही कराडजवळ गावी होतो, घरच्या टीव्हीला फ्री डिशचा तोच माझा लॅमिंग्टन रोडचा बॉक्स. पावणेतीनपासून लावून ठेवलं, आणि कार्यक्रम चालू असताना सासऱ्यांना अंगणात आंबे निवडायला बसवलं, बटणांपासून लांब. फाईल आली, नाव नुसतं आकड्यांचं, मी ते बदलून "आईंचं भजन" केलं आणि तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलं. संध्याकाळी लॅपटॉपवर लावून त्यांना थांबवायचं बटण दाखवलं तर त्यांनी बरोबर स्वतःच्या चार सेकंदांवर थांबवलं, चष्मा पुसून जवळ जाऊन बघितलं, आणि म्हणाल्या, "अगं, पदराची पिन दिसतीय की. हे पुसता नाही येत का?"